टोकी पोनात पुणे लिहायचं तर

शाळेत च ची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने टोकी पोना ही मुद्दाम बनवलेली भाषा एकदा तरी बघावीच! सोन्या लँग या कॅनडातल्या भाषाप्रेमी बाईंनी 2001 मध्ये ती ऑनलाईन टाकली, शब्द जेमतेम 120 च्या आसपास, अक्षरं 14, र नाही ग नाही ड नाही, त्यामुळे शिकायला एकदम सोप्पी वाटते पण बोलताना डोकं चालवावं लागतं. यान म्हणजे माणूस, पोना म्हणजे चांगलं, मग यान पोना म्हणजे मित्र, संपला विषय.

पण माझा जीव जडलाय तो तिच्या लिपीवर, सितेलेन पोनावर, जी 2014 च्या पुस्तकात आली. एका शब्दाला एक चिन्ह, पाण्याला दोन लाटा, घराला छप्परवालं घर, पोनाला नुसती हसऱ्या तोंडाची रेघ. आणि विशेषनामांची गंमत तर भारीच, इजिप्तच्या राजांच्या नावांभोवती असायची तशी लांबुळकी चौकट काढायची आणि आत अशी चिन्हं मांडायची की प्रत्येकाचा फक्त पहिला आवाज घ्यायचा. कुठली चिन्हं घ्यायची ते तुम्ही ठरवायचं!

मी पुणे लिहिलं. आधी बाहेर मा तोमो, म्हणजे शहर, मग चौकटीत पोना, उता, नेना, एसुन. चांगलं, तोंड, टेकडी, बाजार. पर्वती आली, मंडई आली, आणि तोंडाबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. दुसरा कोणी उ साठी उताला म्हणजे भांडण घेईल, तेही बरोबरच. नाव लिहिता लिहिता त्या गावाबद्दल आपल्याला काय वाटतं तेही लिहून होतं, हे मला दुसऱ्या कुठल्याच लिपीत सापडलेलं नाही.

आता नाशिक घेतलंय, श नाहीये म्हणून तिथे स.