दवाखाना पाच मिनिटांवर असताना

"सिस्टर, महापालिकेचा दवाखाना चालत पाच मिनिटांवर आहे. मग तुम्ही काशेवाडीत लोकांच्या घरात बसून बीपी का मोजता?" नातेवाईक विचारतात, जुन्या मैत्रिणी विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी हृदयविकाराच्या वॉर्डात. रात्री दोन वाजता आणलेला माणूस बहुतेकदा संध्याकाळपासून दुखणं अंगावर काढत असायचा. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिऊन पडलेला. बीपी होतं का विचारलं की उत्तर ठरलेलं: "कधी मोजलंच नाही," नाहीतर "गोळी होती, बरं वाटलं म्हणून सोडली." यातली कितीतरी माणसं पुण्याच्या भवानी पेठेतल्या, काशेवाडीसारख्या वस्त्यांमधली असायची, हातावर पोट असलेली. मुस्लिम घरांतल्या बायका तर अगदी शेवटी यायच्या.

निवृत्तीनंतर आम्ही काही जणींनी काशेवाडीत पहिलं शिबिर घेतलं. रविवारी सकाळी, मंडप घालून. बायका मोजक्याच आल्या आणि त्यांचं बीपी आम्ही बुरख्याच्या बाहीवरून मोजलं. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा असतो, कापडावरून आकडा चुकतो, हे मला पाठ होतं. पण आडोसा नव्हता आणि यंत्रावर पुरुष कार्यकर्ता बसला होता. त्या दिवशीचे आकडे कुणाच्याच कामाचे नव्हते. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच मंडपातून निघताना शिलाईकाम करणाऱ्या एक आपा म्हणाल्या, "माझ्या घरी बसा ना. बुधवारी दुपारी तीनला या. मुलं ट्यूशनला असतात, घरात पुरुष माणूस नसतं." दिवस, वेळ, जागा, सगळं त्यांनीच ठरवलं. दहा बाय बाराची खोली. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं, दोरीवर ओढणी टाकून आडोसा केला. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हे गप्प बसणंच सगळ्यांना जड गेलं. हात हृदयाच्या पातळीला यावा म्हणून खाली कापडाच्या घड्या रचल्या. सासूला सोबत म्हणून आलेली एक सून म्हणाली, "माझं कशाला? मला काही होत नाही." तिचं निघालं १७८/१०४. दुसऱ्यांदा मोजलं, तरी जवळपास तेवढंच. दोन बाळंतपणांनंतर तिच्या दंडाला कुणी पट्टा बांधला नव्हता. एकदा ती दवाखान्यात गेली होती, तेव्हा खिडकीवरून सगळ्या रांगेसमोर कुणीतरी ओरडलं होतं, "इतके दिवस कुठे होतात?" त्यानंतर तिने त्या पायऱ्या चढल्या नाहीत. पुढच्या सोमवारी आपा तिला स्वतः घेऊन गेल्या आणि केसपेपर निघेपर्यंत तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

रमजानबद्दलही सांगायला हवं. पहिल्या वर्षी आम्ही सरसकट सांगितलं, "गोळी चुकवायची नाही, जमत नसेल तर रोजा धरू नका." बायकांनी रोजे धरले, गोळ्या बंद केल्या आणि महिनाभर आमच्याकडे फिरकल्याही नाहीत. चूक आमची होती. दुसऱ्या वर्षी आपांनी डॉक्टरांची आणि मौलानांची गाठ घालून दिली. अम्लोडिपिनसारखी दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बऱ्याच जणींना इफ्तारनंतर घेता येते. लघवी वाढवणाऱ्या गोळीचं तसं नाही, तिथे शरीरातलं पाणी कमी होण्याची भीती. डॉक्टरांनी एकेकीचा कागद पाहून वेळ लिहून दिली. जुम्म्याच्या नमाजनंतर मौलानांनी सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. माझ्या शंभर वेळा सांगण्याने जे झालं नसतं, ते त्या दोन मिनिटांत झालं.

मला बळ मिळालं ते अमेरिकेतल्या एका अभ्यासामुळे. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ सलूनमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी बीपी वाढलेले ३१९ पुरुष घेतले. निम्म्या सलूनमध्ये न्हाव्याने फक्त सल्ला दिला: खाणंपिणं सांभाळा, डॉक्टरांकडे जा. उरलेल्यांत फार्मासिस्ट सलूनमध्येच यायचे आणि डॉक्टरांशी ठरवून औषध तिथेच सुरू करायचे, वाढवायचे. सहा महिन्यांत वरचा आकडा सल्लावाल्यांचा सरासरी ९ ने उतरला, औषध दाराशी आलेल्यांचा २७ ने. दोन्हीकडे न्हावी ओळखीचाच होता. म्हणून शिबिर घेऊन पत्रकं वाटणाऱ्यांना मी हेच विचारते, की पुढच्या महिन्याची गोळी कोण आणणार?

आमच्याकडे ते आपांची वही ठरवते. औषध डॉक्टरच लिहितात, आपा फक्त नावापुढे तारीख घालतात: गोळ्या कधी संपणार. तारीख जवळ आली की शेजारची मुलगी निरोप देते. पाय सुजले म्हणून कुणी गोळी सोडली तर तेही वहीत येतं, कारण अम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात आणि डॉक्टर औषध बदलून देतात. खारी, पापड, लोणचं, मिश्री यांच्यावरही बोलणं होतं, पण ते बायका आपसांत माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

रिक्षावाले मात्र अजून आमच्याकडे येत नाहीत. बुधवारी दुपारी ते धंद्यावर असतात. त्यांच्यातल्याच एका चाचांनी सांगितलंय की सकाळी साडेसहाला, पहिल्या भाड्याआधी, स्टँडवर या. चहाच्या आधी मोजायचं, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय.