एचएसएस स्ट्रॅट: पोझिशन दोन गप्प बसली

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकगार्डची (पिकअप आणि नॉब बसतात त्या पाटीची) पाठ आता भरली आहे. पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे मॅग्नेट-कॉइल, तीन: ब्रिजला दोन कॉइलचा हंबकर, मध्ये आणि नेकला सिंगल कॉइल (हंबकर-सिंगल-सिंगल, म्हणून एचएसएस), पाच पोझिशनचा स्विच (एक ब्रिज, दोन ब्रिज आणि मधला, तीन मधला, चार मधला आणि नेक, पाच नेक), एक व्हॉल्यूम, एक पुश-पुल टोन (ओढला की आतला स्विच बदलतो). तिसऱ्या नॉबचं भोक सध्या मोकळंच. गिटार म्हणजे इंदूरलाच घेतलेली स्ट्रॅटची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची) नक्कल, पण नेक सरळ आणि फ्रेट शाबूत, म्हणून खर्च करताना हात आखडला नाही. जुने सिंगल कॉइल सिरॅमिकचे होते, लोखंडी खुंट्या आणि बुडाला चिकटवलेली मॅग्नेटची पट्टी. नवे अल्निको ५ (मिश्रधातूचं मॅग्नेट) चे, त्यांच्या खुंट्याच मॅग्नेट.

सगळा खटाटोप हम, म्हणजे विजेच्या लाइनमधून येणारी गुणगुण, घालवण्यासाठी. राजेंद्रनगरात गणपतीच्या स्टेजवर सिंगल कॉइल वाजवलेल्यांना जास्त सांगायला नको: दिव्यांच्या माळा, डिमर, मांडवभर लोंबणाऱ्या वायरी आणि अर्थिंग रामभरोसे. अमेरिकन मंडळी ‘सिक्स्टी सायकल हम’ म्हणतात, आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. त्यातली १०० हर्ट्झची पट जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी सुराला (९८ हर्ट्झ) इतकी खेटून असते की त्या पट्टीतल्या गाण्याला फुकटचा बेसूर तानपुरा मिळतो.

पोझिशन चार शांत हवी, आणि हंबकर अर्धा तोडला (दोनपैकी एकच कॉइल ठेवली) की दोनही, एवढंच ध्येय होतं. त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र नांदवायचे तर फेज (दोन्ही सिग्नल एकाच दिशेने झुलणं) आणि मॅग्नेटची दिशा असे दोन निराळे प्रश्न सोडवावे लागतात, आणि बरेच जण पहिला सुटला की काम झालं असं धरून चालतात. गिटारच्या तारेचा सिग्नल कॉइलच्या वळणांची दिशा आणि मॅग्नेटची दिशा या दोन्हींवर ठरतो; हम फक्त वळणांवर. दोनपैकी एका कॉइलमध्ये दोन्ही उलटं केलं की सिग्नलची बेरीज होते आणि हमची वजाबाकी. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केलेला हंबकर म्हणजे हेच तत्त्व, दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवून.

फेज बघायला वडिलांचा काटेवाला मल्टिमीटर काढला. सगळ्यात लहान डीसी रेंज, लाल प्रोब हॉटला (सिग्नलच्या तारेला), काळा ग्राउंडला. स्क्रूड्रायव्हर खुंट्यांवर टेकवून झटकन उचलला की काटा एका बाजूला उडी मारतो. मधला आणि नेकचा एकाच बाजूला गेले, हंबकर उलट. डिजिटल मीटर असेल तर २० किलोओहमच्या रेंजवर उचलताना आकडा क्षणभर चढतो की उतरतो ते बघायचं; काट्यावर जास्त स्पष्ट कळतं.

इलाज सोपा: हंबकरच्या हॉट-ग्राउंडची अदलाबदल. चार तारा आणि वेगळी उघडी तार असेल तरच बरं का. उघडी तार ग्राउंडवरच राहते. जुन्या पद्धतीच्या, जाळीच्या एकाच केबलच्या पिकअपवर हे करू नये, सगळा पत्राच हॉट होऊन बसतो. रंगांचंही जपून: सेमूर डंकनमध्ये काळी हॉट, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना, डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकमेकींना. एकाची आकृती दुसऱ्याला लावली की गोंधळ पक्का.

मग होकायंत्र, थोडं लांबूनच धरलेलं. सुईचं उत्तर टोक मधल्या पिकअपकडे ओढलं गेलं, म्हणजे त्याचा वरचा ध्रुव दक्षिण. नेकचा उत्तर. म्हणजे पोझिशन चार आपसूक शांत. हंबकरमध्ये खुंट्यांची कॉइल उत्तर, स्क्रूची दक्षिण. तेव्हा पोझिशन दोनमध्ये मधल्याच्या जोडीला खुंट्यांची कॉइल जिवंत राहायला हवी.

खरी मेख इथे आहे. कॉइल तोडताना नेहमीच्या आकृत्या दोन कॉइलमधला जोड ग्राउंडला नेतात. तेव्हा हॉटकडची कॉइल वाजते. माझ्या हंबकरमध्ये मुळात ती खुंट्यांचीच होती. पण फेजसाठी हॉट-ग्राउंड बदलल्यावर खुंट्यांची कॉइल ग्राउंडकडे गेली! आकृतीबरहुकूम जोडलं असतं तर फेज बरोबर आणि हम तशीच. म्हणून पुश-पुलवर जोड ग्राउंडला न नेता हंबकरच्याच हॉटला नेला. त्याने स्क्रूची कॉइल शॉर्ट होते आणि खुंट्यांची उरते.

पॉटसाठी (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) इंदूरचा जेल रोड. ‘भिया, बी वाला ही आता है,’ असं चार दुकानांत ऐकलं. बी म्हणजे लीनियर. टोनला मी ते एक वेळ चालवून घेईन, व्हॉल्यूमला नाही. नॉब बराच फिरवेपर्यंत फरक कळत नाही आणि शेवटी आवाज धाडकन पडतो. ए५००के (ए म्हणजे ऑडिओ टेपर, ५०० किलोओहम) शेवटी ऑनलाइन मागवला. घेताना दांड्याच्या चुडीचा व्यास बघा: मोठ्या अमेरिकन पॉटची ३/८ इंच असते, आपल्या पिकगार्डचं भोक बहुधा त्याहून लहान.

हंबकरला ५०० किलोओहम बरा, सिंगल कॉइल त्यावर कर्कश लागतात, त्यांना २५० हवा. टोन एकच असल्याने स्विचची दुसरी बाजू रिकामी होती. तिथे मधल्या आणि नेकच्या टोकांना मिळून एकच ४७० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावला, त्या बाजूचं कॉमन टोक हॉटला. मधला किंवा नेक चालू असला की पॉट साधारण २४२ चा भासतो, एकटा हंबकर असला की पूर्ण ५००. प्रत्येक सिंगल कॉइलला स्वतंत्र रेझिस्टर दिला असता तर पोझिशन चारमध्ये दोन्ही लागून १६० वर आलं असतं, फारच दबलेलं.

सोल्डरिंगबद्दल विशेष काही नाही. ६०/४० ची तार, पॉटची पाठ पॉलिशपेपरने घासून, ६० वॉटचं आयर्न. २५ वॉटचं तिथे गार पडतं.

तारा न चढवताच अँपला लावून बघितलं, पंख्याचा रेग्युलेटर मुद्दाम अर्ध्यावर ठेवून. एक आणि चार शांत, दोन थोडी गुणगुणते, कारण पूर्ण हंबकर मधल्याची हम कापत नाही. पुश-पुल ओढला की दोनही शांत. ओढल्यावर एक गुणगुणते, तीन आणि पाच तर गुणगुणणारच, त्याला इलाज या आकृतीत नाही. पोकळीत तांब्याची टेप लावायची आहे, त्याने रेग्युलेटरची चरचर कमी व्हावी. कॉइल पकडते ती ५० हर्ट्झ टेपने जात नाही. स्प्रिंगच्या पट्टीला ग्राउंडची तारही अजून जोडायची आहे.

उंची तारा चढल्यावर. शेवटचा फ्रेट दाबून सिंगल कॉइल जाड तारेपासून ३ मिमी, बारीकपासून २.५ मिमीवर सुरू करेन. अल्निको ५ जवळ आणला तर तार ओढून धरतो आणि वरच्या फ्रेटवर जाड ई दोन सुरांत बोलते.

एक शंका उरते. खुंट्यांची कॉइल ब्रिजपासून लांबची, त्यामुळे पोझिशन दोनचा टणत्कार जरा गोलसर येईल. फारच गोल वाटला तर हंबकर रिंगसकट अर्धा फिरवून बसवेन; ध्रुव आणि वायरिंग तशीच राहतात, फक्त खुंट्या ब्रिजकडे जातात.