मुरगावहून क्रूझला जाताना बॅगेत काय भराल (आणि आमचं काय काय चुकलं)

आम्ही फोंड्याचे. फोंडा म्हणजे अंत्रुज महाल, देवळांचा मुलूख. आमचा दर्याशी संबंध बाजारातल्या बांगड्यापुरता. तरीही गेल्या नोव्हेंबरात नवऱ्याने क्रूझचं तिकीट काढलं. मुरगावला, म्हणजे वास्कोच्या बंदरात चढायचं, एक दिवस समुद्रात, एक दिवस मुंबईच्या धक्क्याला आणि चौथ्या दिवशी सकाळी परत मुरगाव. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई.

सासूबाईंनी तरुणपणी पणजीच्या धक्क्यावरून मुंबईची बोट पकडलेली. तेव्हाचं सामान त्या अजून बोटांवर मोजून सांगतात. पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. बोटीवर चढल्या चढल्या डेकवर वळकटी पसरायची, म्हणजे ती जागा आपली. उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. आमच्या चार बॅगा बघून त्या म्हणाल्या, "आता तर अंथरूण-पांघरूण तेच देतात ना? मग एवढं काय भरलंय?"

परत आल्यावर बॅगा रिकाम्या केल्या तर निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडता आले होते. आणि जे हवं होतं ते नेमकं हवं त्या वेळी हाताशी नव्हतं. क्रूझच्या बांधाबांधीतली खरी गोम हीच आहे. या प्रवासात दोन वेळा तुमची बॅग तुमच्याकडे नसते, चढल्यानंतरचे काही तास आणि उतरण्याआधीची शेवटची रात्र. आम्ही दोन्ही वेळा आपटलो.

आधी चढतानाचं सांगते. बोरीच्या पुलावरून वेर्णा, दाबोळी करत दिराने आम्हाला गाडीने वास्कोला सोडलं. बाहेरगावहून येणाऱ्यांनी एक बघून घ्या. विमानाच्या तिकिटावर नुसतं गोवा वाचून खूश होऊ नका. गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. दाबोळीहून बंदर अगदी जवळ, पण मोपा पेडण्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला. तिथून वास्को गाठायला दीड-दोन तास हाताशी ठेवा. रेल्वेने येणार असाल तर वास्को द गामा स्टेशनच सोयीचं.

बंदरात मोठ्या बॅगा टॅग लावून घेतात, त्या मागाहून केबिनच्या दाराशी येतात. आमच्या आल्या संध्याकाळी साडेसातला. आम्ही दुपारी दोनलाच वर. लेक पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी आणि तिचा स्विमिंग कॉस्च्यूम जहाजाच्या पोटात कुठेतरी. साडेपाच तास तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेले नाही. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच बॅगेत होत्या. नशीब, त्यांची गोळी रात्री जेवणानंतरची.

म्हणून खांद्यावरची एक बॅग वेगळी भरा आणि ती कोणाच्याही हाती देऊ नका. सगळी औषधं, मूळ ओळखपत्रं (मुलांचीसुद्धा), तिकिटांचे प्रिंट, चष्मा, चार्जर, पॉवर बँक, पोहण्याचे कपडे, एक बदलायचा जोड. पायात चालायला बरं असं काहीतरी घाला. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला जावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांबलचक, तो वाजला की ठरलेल्या जागी हजर. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडलं, त्यात 32 माणसं गेली. तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर हा नियम जगभर कडक झाला. कंटाळा करू नका आणि उंच टाचा घालून तर मुळीच जाऊ नका. माझ्यापुढची एक बाई दोन जिने चपला हातात घेऊन उतरली.

आता तपासणी. विमानतळासारखंच यंत्र असतं. आमची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक गोल गरगरीत काळी आकृती. तिथला पोरगा आपलाच होता. पडद्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "हो नाल्ल खंय व्हरता, आजी?"

दर्याला नारळ द्यायचा म्हणून सासूबाईंनी शेंडीसकट नारळ साडीत गुंडाळून आणला होता. बोटीत बसताना नारळ सोडायचा ही त्यांची जुनी रीत. पण जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला सक्त मनाई आहे, फूल नाही, पान नाही, नारळ तर नाहीच. पोराने अगदी अदबीने समजावलं. दीर अजून गेटबाहेरच होता, नारळ त्याच्या गाडीत परत गेला. सासूबाई गप्प बसल्या, पण केबिनमध्ये पोचेपर्यंत त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

त्याच पट्ट्यावर आमच्या मोठ्या बॅगेतून इस्त्री निघाली. हे नवऱ्याचं काम. जहाजावर आगीइतकं भय दुसऱ्या कशाचंच नसतं, म्हणून इस्त्री, पाणी उकळायची किटली, मेणबत्त्या, अगरबत्त्या यांना परवानगी नाही. एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक ठिकाणी काढून घेतात. आमची इस्त्री पावती देऊन ठेवून घेतली आणि उतरताना परत दिली. पण त्या पावतीसाठी अर्धा तास रांगेत उभं राहिलो. सासूबाईंचं निरांजन घरीच राहिलं होतं, त्यांनी देवाच्या तसबिरीपुढे नुसते हात जोडले. चाकू, बाटल्या याही आत जात नाहीत. घरून शिजवलेलं चालत नाही. चिवडा, बिस्किटं अशी बंद पाकिटं आमची गेली, तरी आपल्या बोटीचा नियम आधी वाचून ठेवा. लाडू मात्र नेऊ नका, खायला दिवसभर इतकं मिळतं की लाडवांना कोणी विचारत नाही.

प्लगचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आमच्या केबिनमध्ये एक सॉकेट अमेरिकी चपट्या पिनांचं आणि एक गोल दोन पिनांचं होतं. आपला तीन जाड पिनांचा लॅपटॉपचा प्लग कशातच बसेना. मोबाइलचा साधा दोन गोल पिनांचा चार्जर बसला. तेव्हा एकाच वेळी तीन-चार फोन लागतील असा एक यूएसबी चार्जर आणि एक अडॅप्टर घ्या.

केबिन आमच्या देवघरापेक्षा थोडी मोठी. सुटकेस उघडून ठेवायला जमीन नाही. मऊ कापडी बॅग घ्या, रिकामी केली की घडी करून पलंगाखाली सरकते. भिंती लोखंडी असतात, त्यांना चुंबक चिकटतं. बाजारात चुंबकाचे हुक मिळतात, चार न्या. टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल सगळं भिंतीवर जातं. माझ्याकडे हुक नव्हते. पण कुठल्याशा मैत्रिणीने दिलेलं, माडाचं झाड आणि त्यावर गोवा असं लिहिलेलं फ्रिजचं चुंबक पर्समध्ये सापडलं, त्याने रोजचा कार्यक्रमाचा कागद दारावर लावला. गोंयकाराला ते चुंबक कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

कपड्यांचं थोडक्यात. वरच्या डेकवर वारा असा की पदर हातात राहत नाही. भरजरी साड्या नेऊ नका, सेफ्टी पिना मात्र मूठभर न्या. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. माझी पहिल्याच संध्याकाळी अरबी समुद्राला अर्पण झाली, आणि तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मला कळला. नारळ चालला नाही, टोपी मात्र गेली. आत एसी बोचरा असतो, शाल हवीच. ओल्या डेकवर घसरणार नाहीत अशा रबरी चपला घ्या. नटूनथटून जेवायची एक रात्र असते, तिला एक बरा जोड पुरे. नवऱ्याचं ब्लेझर चार दिवस हँगरवर लटकून राहिलं.

बोट लागण्याबद्दल. नवरा घरातून निघताना म्हणत होता, "आम्ही गोंयकार, आम्हाला काय बोट लागणार?" मुरगावचा धक्का सुटून दोन तास झाले आणि अंत्रुजकर पलंगावर आडवे. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या तासभर आधी घ्यावी लागते, नंतर ती पोटात टिकत नाही. कोणती आणि किती हे घरच्या डॉक्टरांना विचारून घ्या, या गोळ्यांनी झोप येते. सासूबाईंच्या पिशवीतल्या आलेपाकाने लेकीचं भागलं. तिकीट काढतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. आमची होती पुढच्या टोकाला. स्वस्त का, ते नंतर कळलं.

किनारा दिसेनासा झाला की नेटवर्क जातं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडून घेतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. आत रोख पैसे चालत नाहीत, केबिनची किल्ली असलेल्या कार्डावरच सगळं लिहिलं जातं.

आणि आता ती शेवटची रात्र. मोठ्या बॅगा टॅग लावून रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, त्या थेट धक्क्यावर मिळतात. नवऱ्याला आता बरं वाटत होतं, त्यामुळे अंगात भलताच उत्साह. म्हणाला, तुम्ही झोपा, मी भरतो. खरंच छान भरल्या. कपाट झाडून पुसून रिकामं केलं. सकाळी सहाला मी उठले तर हा बाथरूमच्या दारात उभा.

"माझी पँट कुठाय?"

"कुठे ठेवलीस?"

"बॅगेत."

"बॅग?"

त्याने दार उघडून बोळात पाहिलं. बोळ लख्ख मोकळा. त्याच्या अंगावर फुलाफुलांची हाफ पँट आणि बनियन. माझी शाल पांघरून तो नाश्त्याला बसला, आणि त्याच थाटात मुरगावला उतरला. त्याला वाटत होतं सगळं बंदर आपल्याकडे बघणार. पण गोव्यात हाफ पँटीतल्या माणसाकडे कोण बघतो? फक्त गेटबाहेरचा टॅक्सीवाला पुढे आला आणि हिंदीत म्हणाला, "सर, बागा बीच?" भाडंही तसंच सांगितलं.

"आमी फोंड्याचे रे," नवरा म्हणाला. टॅक्सीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पटलं नाही. सासूबाईंनी खिडकीत डोकं घालून दोन वाक्यं बोलल्यावर भाडं उतरलं. तेव्हा टॅक्सी आधी फोनवर ठरवून ठेवा. बोट धक्क्याला आली की सगळी माणसं एकदम बाहेर येतात आणि मग भाव त्यांचा. आणि दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आदल्या रात्री अंगावर किंवा उशाशी, बॅगेत नाही.

घरी आलो तर दिराने नारळ फ्रिजवर ठेवला होता. सासूबाईंनी तो उचलला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आधी पँट घाल. मग बाजारात जा आणि बांगडे आण." दुपारी नारळाच्या वाटणाचं हुमण झालं.