मॅडम, एकदा वाचून दाखवता?

पहाटे चारची इंजेक्शनं भरत होते. नाइटची सलग पाचवी रात्र. 12 वॉर्मर, म्हणजे बाळांना ऊब देणारे पाळणे, 19 बाळं आणि आम्ही दोघी नर्स. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, नियमाप्रमाणे एका पाळीला तीन ते चार बाळांमागे एक नर्स असावी. आमच्याकडे काही वॉर्मरवर दोन-दोन बाळं होती, आणि एक सीपॅपवर, श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर.

ज्या बाळाचं इंजेक्शन भरत होते त्याचं वजन 1,200 ग्रॅम. अँपिसिलिन या अँटिबायोटिकची 500 मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे रबरी बुचाची छोटी बाटली, त्यात 5 मिली स्टराइल वॉटर घातलं की एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध होतं. या बाळाला 60 मिलिग्रॅम, म्हणजे 0.6 मिली. हा हिशेब पंधरा वर्षांत इतक्या वेळा केलाय की तो आता डोक्यात नाही, बोटांत आहे. ट्रेमधून प्लास्टिकचं ॲम्प्यूल उचललं, मान पिरगाळून तोडली, सिरिंजमध्ये 5 मिली ओढलं. व्हायलच्या रबरात सुई घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, ते एकदा वाचून दाखवता?"

ती आमच्याकडे नवीन आलेली कंत्राटी मुलगी. वय तेवीस-चोवीस. एका हातात ट्यूब फीडची सिरिंज वर धरलेली, दूध हळूहळू उतरत होतं.

मी तिच्यावर ओरडले. "पंधरा वर्षं झाली मला इंजेक्शनं भरून. तू तुझं फीड बघ."

ती हलली नाही. आवाज बारीक झाला, पण म्हणाली, "वाचा ना, मॅडम."

मी ॲम्प्यूल उजेडात फिरवलं. पोटॅशियम क्लोराइड.

जे या कामात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्टराइल वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइड, दोन्ही 10 मिलीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या ॲम्प्यूलमध्ये येतात. आत दोन्ही पाण्यासारखंच. फरक तेवढा अक्षरांचा, आणि ती अक्षरंही बारीक. पोटॅशियम द्यायचं ते सलाइनमध्ये मिसळून, पंपावर लावून, दिवसभर थेंबाथेंबानं. बाळाला त्याची चोवीस तासांची गरज साधारण किलोमागे 1 ते 2 मिलिइक्विव्हॅलंट, हे पोटॅशियम मोजायचं एकक. त्या ॲम्प्यूलमध्ये एका मिलीतच 2 असतात. माझ्या 0.6 मिलीतून त्या बाळाच्या शिरेत 1.2 गेलं असतं. म्हणजे दिवसभराचा डोस एका दमात. पोटॅशियम असं गेलं की हृदय थांबतं.

पोटॅशियम कुलपाच्या कपाटात वेगळं ठेवायचं असतं. कुणीतरी उरलेलं ॲम्प्यूल घाईत ट्रेमध्ये टाकलं होतं. ते कुणी टाकलं याचा शोध मी घेतला नाही, कारण ते मीही टाकलेलं असू शकतं.

पुढे जे झालं, खरं तर जे झालंच नाही, त्यासाठी हे लिहायला बसले आहे. मला काहीच वाटलं नाही. हात थरथरला नाही, छातीत धस्स झालं नाही. सिरिंज टाकली, दुसरं ॲम्प्यूल घेतलं, औषध भरलं, दिलं. मॉनिटरवर सॅच्युरेशन 94, ठोके 148. बाळाचा चिमुकला पाय हातात धरून चिकटपट्टी सारखी केली आणि पुढच्या वॉर्मरकडे गेले. त्या मुलीला "बरं झालं" एवढे दोन शब्दही बोलले नाही.

सकाळी आठला पुढच्या पाळीला ओव्हर दिला, म्हणजे बाळांची माहिती सोपवली. त्यात ही गोष्ट सांगितली नाही. आमच्याकडे अशा घटनेचा फॉर्म असतो, पण तो भरला की पहिलं काय येतं तर खुलासा मागणारं पत्र. फॉर्म भरणारीच गुन्हेगार ठरते, म्हणून कुणी भरत नाही, आणि तीच चूक दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या कुणाकडून पुन्हा होते. ती मुलगीही गप्प राहिली. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणारी मुलगी गप्पच राहणार.

घरी आले तर सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. "आजही तसाच?" पोळीभाजी जशीच्या तशी होती. मी आत जाऊन पडले. झोप येईना. उठून लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो हिशेब मांडला, 0.6 गुणिले 2. तीनदा मांडला. तेव्हा कुठे रडू आलं.

बाळ वाचलं, म्हणून हिशेब तिथं संपत नव्हता. सहा-सात महिन्यांपूर्वी आमच्याकडे आणखी एक नवीन मुलगी होती. तिनं एकदा डोसबद्दल शंका विचारली, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यानंतर तिनं मला काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या पहाटे माझ्या मागे ती असती तर? हा प्रश्न अजून माझा पिच्छा सोडत नाही. औषध मोठ्यानं वाचून दुसरीला दाखवायचं, ही पद्धत आमच्या वॉर्डात चार वर्षांपूर्वी मीच सुरू केली होती. माणसं कमी झाली तशी ती मागे पडली, आणि मागे पडू देणाऱ्यांत मीही होते. थकव्यामुळे माझ्या हातून चूक होणार होती हे एक. पण त्याच थकव्यानं मी अशी झाले होते की चूक दिसली तरी लोक मला सांगायला घाबरत होते. हे जास्त भयंकर आहे.

त्याच आठवड्यात रात्री दीड वाजता 14416 ला फोन लावला. टेली मानसची ही हेल्पलाइन 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आमच्याच भिंतीवर तिचं पोस्टर आहे. पेशंटच्या नातेवाइकांना मी तो नंबर कितीदा लिहून दिला असेल. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "ड्यूटीवर बसून शेवटचं कधी जेवलात?" मला आठवेना. त्यांनी बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात हे आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलंय. कामावरचा ताण दीर्घकाळ सांभाळला गेला नाही की ही अवस्था येते. त्यातला 'काम' हा शब्द ऐकून मला आधार वाटला. मन कसं तुटतं तेही कळलं. मी बाळांना "चार नंबर", "सात नंबर" म्हणायला लागले होते. आधी आईच्या नावानं ओळखायचे.

दहा दिवसांची रजा मागितली, चार दिवस मिळाली. चारही दिवस झोपले. परत आले आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तशीच, दगडासारखी.

मग जे उमगलं ते आमच्याच कामातून. 1,200 ग्रॅमच्या बाळाला आपण एकदम पोटभर दूध देत नाही. दिलं तर पोट फुगतं, उलटी होते, आतडं धोक्यात येतं. त्याला दर दोन तासांनी थोडंथोडं द्यायचं, रोज वजन करायचं, पंधरा-वीस ग्रॅम वाढलं की खूश व्हायचं. कांगारू केअरचंही तेच. आया विचारतात, "सिस्टर, थोडा वेळ घेतलं तर चालेल ना?" मी सांगते, बाई, दिवसातून आठ तास तरी बाळ छातीशी हवं, आणि जास्त घेशील तितकं चांगलं. एक दिवस दहा तास आणि मग आठवडाभर काही नाही, असं चालत नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले, आणि स्वतःसाठी मात्र वर्षातून एकदा महाबळेश्वर पुरेल असं धरून चालले होते.

आता रात्री दीड ते पावणेदोन मी बसून जेवते. स्टुलावर नाही, ड्यूटी रूममधल्या खुर्चीत, डबा पूर्ण उघडून. तेवढा वेळ ती मुलगी वॉर्मर बघते, मग ती जेवते आणि मी बघते. पंधरा मिनिटं ऐकायला काहीच नाहीत. पहिले आठ-दहा दिवस अलार्म वाजला की घास तसाच ठेवून पळायचे, आणि जाऊन पाहावं तर तिनं सेन्सर नीट लावून अलार्म बंद केलेला असायचा. दुसरीवर विश्वास टाकणं ही माझ्यासाठी जेवणापेक्षा अवघड गोष्ट होती.

निघताना नळाशी उभी राहून हात धुते. सहा पायऱ्या, तळव्यांपासून मनगटापर्यंत, जसे कक्षात शिरताना धुतो तसे. एकेका पायरीला एकेका बाळाला त्याच्या आईच्या नावानं आठवते आणि पुढच्या पाळीच्या हवाली करते. हे मला कुणी सांगितलं नाही, आपोआप सुरू झालं. नाइटनंतर वाटेत मंडई करत नाही. फोन स्टीलच्या डब्यात ठेवून स्वयंपाकघरात, खोलीला जाड पडदा. "दिवसाढवळ्या झोपते," असं शेजारच्या काकू म्हणतात, त्यांना आता सासूबाईच उत्तर देतात.

रोज जमतं असं नाही. गेल्या महिन्यात जुळी, तिळी असा भरणा आला, चार रात्री डबा तसाच परत गेला. पाचव्या रात्री पुन्हा बसले.

मॅनेजमेंटबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. 12 मेला, परिचारिका दिनाला, आमच्यासाठी ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली होती. नाइट संपवून आलेल्यांना सक्तीनं अकरापर्यंत थांबवून दीर्घ श्वास शिकवला. आम्हाला देवदूत म्हणाले, गुलाब दिले. रिक्त जागांबद्दल एक वाक्य नाही. दीर्घ श्वास चांगलाच आहे, मी घेते. पण 19 बाळांना दोघी हा हिशेब श्वासानं सुटत नाही, आणि जे सुटायला हवं ते आमच्या स्वभावावर ढकलणं हा अन्याय आहे. मी माझ्यापुरतं करते ते जिवंत राहण्यासाठी. त्याच्या आडून कुणी पदभरती टाळू नये.

मेट्रन मॅडमना, आम्हा नर्सेसच्या प्रमुखांना, मात्र मी सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी खुलासा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पोटॅशियम कुलपात गेलं, प्रत्येक ॲम्प्यूलला लाल पट्टी लागली, आणि मोठ्यानं वाचायची पद्धत परत आली. तिच्यात एक भर घातली: कुणीही, कितीही नवीन असो, "थांबा" म्हणालं की हात थांबवायचा. का, ते नंतर विचारायचं.

त्या मुलीशी बोलायला मला नऊ दिवस लागले. इतके का लागले याचं उत्तर मी अजून शोधते आहे. शरम होती हे खरं, पण तेवढंच नसावं. नवव्या रात्री, जेवून डबा बंद करताना म्हटलं, "त्या पहाटे तू थांबवलंस म्हणून बाळ आहे. आणि मी तुझ्यावर ओरडले. माझं चुकलं." ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्यांदा बोलायच्या आधी दहापर्यंत आकडे मोजले होते."

दहापर्यंत. तेवढ्या वेळात माझी सुई रबरात गेली असती.

ते बाळ 1,650 ग्रॅमचं होऊन आईच्या छातीशी घरी गेलं. परवा पहाटे पुन्हा चारची इंजेक्शनं. मी ॲम्प्यूल उचललं, मोठ्यानं वाचलं. पलीकडून ती म्हणाली, "थांबा." मी हात थांबवला.

"एक्सपायरी नाही वाचलीत, मॅडम."

मी ॲम्प्यूल उजेडात धरलं आणि पहिल्यापासून परत वाचलं.