अर्धं एकक दोन्ही बाजूंना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहा, असं पत्र आलं. लिहिणार मात्र गणिताच्या सरांविषयीच. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

मोजलेली लांबी हा एक आकडा नसतो, दोन आकड्यांमधली जागा असते, हे सर आमच्याकडून घोटून घ्यायचे. वर्गाची लांबी एका दशांश स्थळापर्यंत 12.4 मीटर. शेवटच्या स्थळाचं एकक 0.1, त्याचं निम्मं 0.05. म्हणजे खरी लांबी 12.35 किंवा त्याहून जास्त, पण 12.45 पेक्षा कमी. वरची मर्यादा कुणी 12.449 लिहिली की विचारायचे, "मग 12.4495 कुठं ठेवायचं?" रुंदी 8.6, तर क्षेत्रफळ 105.5925 ते 107.6925 चौरस मीटर. फरशी मागवताना वरचाच आकडा धरायचा.

खरी मेख भागाकारात. बेळगाव ते खानापूर 26 किलोमीटर, जवळच्या किलोमीटरपर्यंत. वेळ 40 मिनिटं, जवळच्या पाच मिनिटांपर्यंत. किमान वेगासाठी कमीत कमी अंतराला जास्तीत जास्त वेळेनं, म्हणजे 25.5 ला 42.5 नं भागायचं: मिनिटाला 0.6, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. कमाल वेगासाठी 26.5 ला 37.5 नं: ताशी 42.4. लहानाला लहानानं आणि मोठ्याला मोठ्यानं भागलं तर किमान वेग 40.8 आणि कमाल 37.4 येतो! दोन्ही मर्यादा जिथं जुळतात तेवढंच उत्तर खरं: ताशी 40, जवळच्या दहापर्यंत. हल्ली मुलं कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक उत्तरात उतरवतात, आणि त्यांना मार्कही मिळतात.

वजाबाकीतही तसंच, एकाची खालची मर्यादा आणि दुसऱ्याची वरची. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉप चालवणाऱ्या सरांच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको. बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, 25.4 मिलिमीटर, त्यात बसणारा शाफ्ट (दांडा) 25.3, तर क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली मोकळी जागा, 0.1 वाटतो. पण 25.35 वजा 25.35 शून्य, आणि 25.45 वजा 25.25 म्हणजे 0.2. शाफ्ट अडकेल किंवा खुळखुळेल. म्हणून तिथं जास्त बारीक मोजणारी उपकरणं लागतात: शाफ्टला मायक्रोमीटर आणि बोअरला बोअरगेज.

सर दोन अपवाद न चुकता सांगायचे. वय आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो, म्हणून 15 वर्षं म्हणजे 15 पासून 16 च्या आत. आणि माणसं अर्धी मोजत नाहीत: बसमध्ये जवळच्या दहापर्यंत 40 जण, तर 35 ते 44.