बाळाला दाण्याचं कूट कधी आणि कसं द्यावं

‘तीन वर्षांपर्यंत दाणे नकोत’ हा सल्ला घराघरांत अजून ऐकू येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या बाळांसाठी तो २००० साली दिला होता आणि २००८ मध्ये मागेही घेतला. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या ‘लीप’ अभ्यासाने उलटंच दाखवलं. तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना दाण्यापासून लांब ठेवलं, त्यांच्यात पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्के मुलांना दाण्याची ॲलर्जी होती. ज्यांना लवकर सुरू करून नियमित दिलं, त्यांच्यात जेमतेम ३ टक्के.

याची एक उकल त्वचेत आहे. एक्झिमाने फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण आधी शरीरात गेले, तर ॲलर्जी जडण्याचा धोका वाढतो. तेच अन्न पोटातून आधी भेटलं, तर शरीर बहुधा ते आपलंसं करतं. म्हणून कोरड्या, लाल, खाजणाऱ्या अंगाला डाळीचं पीठ आणि साय चोळू नका, बदामाचं तेलही नको. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावा. नवा पदार्थ गालाला लावून ‘चाचणी’ घेण्याची पद्धतही याच कारणासाठी सोडावी.

तीव्र एक्झिमा असेल किंवा आधी कशाची रिॲक्शन आली असेल, तर दाणे देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी सहा महिन्यांच्या सुमारास, मान धरून आधाराने बसता येऊ लागल्यावर सुरुवात करावी. आधी भाताची पेज आणि मुगाचं वरण अंगवळणी पडू दे.

नेहमीचं जाडसर कूट बाळाला चालत नाही, ते घशात अडकतं. दाणे भाजा, सोला, खवट आणि बुरशी लागलेले वेचून टाका आणि तेल सुटून लोण्यासारखं होईपर्यंत मिक्सरमध्ये फिरवा. त्यातलं दोन छोटे चमचे (साधारण १० ग्रॅम) कोमट पाण्यात पातळ करून पेजेत मिसळा. नुसतं घट्ट लोणीही देऊ नका, ते टाळ्याला चिकटतं. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत नाहीच.

पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर येईल एवढंच द्या. दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर उरलेलं सावकाश भरवा आणि दोन तास लक्ष ठेवा. हे सकाळी करा; रात्री नको, सर्दी-तापातही नको. एका दिवशी एकच नवा पदार्थ.

पुष्कळदा चूक होते ती यानंतर. एकदा पचलं की घरचे विसरतात. तेवढंच प्रमाण आठवड्यातून तीनदा चालू ठेवायला हवं. अंडं पूर्ण उकडून, कुस्करून याच पद्धतीने द्या. मग दही, रव्याची लापशी, तीळ, मासे.

उष्टावणाला मात्र जपा. काजू-बदामाची पूड घातलेली खीर मामाने भरवली, मग प्रत्येकाने एकेक चमचा दिला, तर अंगावर काही उठल्यावर कारण शोधणार कसं? त्या दिवशी पूर्वी पचलेलेच जिन्नस वापरा. मधाचं बोटही वर्षाच्या आत नको. त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

टोमॅटो किंवा संत्र्याने तोंडाभोवती लाली आली आणि थोड्या वेळात गेली, तर ती बहुधा नुसती जळजळ असते. तेवढ्यावरून पदार्थ बंद करू नका. गांध्या उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, उलटी झाली तर भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन करा. श्वासात घरघर, सततचा खोकला, बाळ मलूल किंवा फिकट पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८. काही वेळा खाल्ल्यावर एक ते चार तासांनी पुन्हा पुन्हा उलट्या होतात आणि अंगावर काहीच दिसत नाही. तीही ॲलर्जी असू शकते आणि पोट बिघडलं समजून ती नजरेतून सुटून जाते. पुरळाचा फोटो काढा. काय, किती आणि किती वाजता दिलं, ते लिहून डॉक्टरांकडे न्या.