भांगलणीवर उभं राहिलेलं काम : आमची वाटचाल

बेळगावातल्या टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प भागातल्या जुन्या घरांच्या कंपाउंडला लागून जास्वंद, तगर, एक्झोरा, कामिनी यांची एक रांग असतेच. आमचं काम त्या रांगेतलं. तण काढायचं, वेळच्या वेळी छाटणी करायची, माती झाकून ठेवायची. यातल्या कशालाही आम्ही तणनाशक वापरत नाही.

माझं माहेर येळ्ळूर. घरी बासमती भात, त्यामुळे भांगलण, म्हणजे खुरप्याने तण काढणं, लहानपणापासून हातातली. लग्न होऊन बेळगावात आले, तेव्हा आसपासच्या बागा बघून एक गोष्ट फार खटकायची. माणूस यायचा, विळ्याने वरवर कापून, पैसे घेऊन जायचा. पंधरा दिवसांत सगळं जसंच्या तसं. शेतात असलं काम कुणी चालवून घेतलं नसतं. म्हणून गावाकडच्या, भांगलणीत मुरलेल्या मावशींना सोबत घेऊन सुरुवात केली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी बसले, अंगणाकडे लक्ष गेलं, आणि त्यानंतर कामं आपोआप येत गेली.

सुरुवातीला प्रत्येक घरी एकच प्रश्न असायचा : ‘औषध मारून एकदाच मोकळं करता येत नाही का?’ हिंदवाडीतल्या एका काकूंकडे कुणीतरी ते करून गेलं होतं. वाऱ्याने फवारा तगरीवर गेला. तण जळालं खरं, पण तगरीची नवी पानं दोऱ्यासारखी बारीक, पिवळी आणि झुपक्याने येत राहिली. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून आत शिरून मुळापर्यंत जातं. तण कुठलं आणि झुडूप कुठलं हे त्याला कळत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनेही त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. घरच्या बागेत, जिथे मुलं अनवाणी फिरतात आणि पूजेची फुलं तोडली जातात, तिथे ते नकोच, असं माझं ठाम मत आहे. मीठ टाकण्याचा सल्लाही ऐकू नका. मीठ मातीत राहतं आणि झुडपालाच बाधतं.

आमची खरी परीक्षा घेतली ती लव्हाळ्याने. वरून धरून उपटला की पात तुटून हातात येते, खालची गाठ जागेवरच राहते आणि पुन्हा फुटते. एकेका गाठीला धागा, धाग्याला पुढची गाठ, अशी साखळी जमिनीत पसरलेली असते. प्लॅस्टिक अंथरलं तर ते टोचून वर येतो. मावशींची पद्धत अशी : पावसानंतर माती ओली असताना खुरप्याचं टोक पातीच्या बाजूने तिरकं घालायचं, माती सैल करायची आणि गाठीसकट ओढायचा. तरी काही गाठी राहतातच. म्हणून पुन्हा फुटला की कोवळा असतानाच काढायचा. कोंब वर आल्यावर तीनेक आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, त्याआधी हात फिरला पाहिजे. असं सतत केलं की गाठीतला साठा संपत जातो. मे महिन्यात झुडपं लावण्याआधी जागा मोकळी असेल, तर माती उकरून गाठी कडक उन्हात वाळवतो.

पण शेवटचा उपाय सावलीचा. लव्हाळ्याला सावली मानवत नाही. म्हणून झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत अबोली, कोरांटी लावतो आणि वरचा पसारा एकमेकांना भिडू देतो. बागेत माती उघडी दिसणं म्हणजे स्वच्छता, ही समजूत मोडायला आम्हाला तण काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

माती झाकायला उसाचं पाचट आणि पालापाचोळा. तण काढून झाल्यावर, चिकटपट्ट्या काढलेला पुठ्ठा एकावर एक चढवून अंथरायचा, भिजवायचा आणि वर तीन-चार इंच पाचट. खोडाजवळ मात्र चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर पावसाळ्यात खोड कुजतं आणि वाळवीलाही आसरा मिळतो. खोल कुदळणी आम्ही करत नाही. एक्झोराची मुळं वरच असतात, ती तुटतात. शिवाय खाली पडून राहिलेलं तणाचं बी वर येतं.

गाजर गवत फुलायच्या आत उपटतो, हातमोजे घालूनच, कारण अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ते माजलेलं असेल तर बी उडून येत राहणार. तिथे पावसाळ्यात पानं कुरतडणारे, फिकट अंगावर काळ्या रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे. याच गवताच्या बंदोबस्तासाठी 1984 मध्ये बेंगळुरूत सोडलेले.

‘एकदा साफ करून द्या’ असलं काम आता आम्ही घेत नाही. वर्षभराचं ठरवतो : जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी फेरी, नंतर महिन्याने. पहिल्या पावसाळ्यात कष्ट जास्त, म्हणून पहिल्या वर्षाचा दरही जास्त. पुढे आच्छादन आणि सावली काम करतात, तेव्हा दर कमी करतो. यावर काहीजण नाराज होऊन गेले. पण मावशींना पाऊस असो-नसो महिन्याचा पगार द्यायचा, तर दुसरा मार्ग नाही, आणि तो पगार त्यांच्या हातातल्या कसबाचा आहे. मराठी घरी त्या मराठीत समजावतात, कन्नड घरी कन्नडमध्ये. खुरपं कसं धरायचं हे त्यांच्याकडूनच ऐकावं.

पाचटाची अडचण दरवर्षीची. ऊसतोड हिवाळ्यात, आम्हाला ते लागतं जूनमध्ये. यंदा अनगोळला एक शेड भाड्याने घेतलं आहे. हुक्केरी-संकेश्वर भागातून येणारं पाचट तिथे कोरडं ठेवतोय, म्हणजे वळीव पडला की लगेच अंथरायला हाताशी असेल.